वाट वाकडी करून जेवायला

नमस्कार, श्रोतेहो.

सहज कुणाकडे डोकावलं की घरातलं मोठं माणूस म्हणतं, "वाट वाकडी करून आलात, बरं वाटलं." हे वाक्य आज मुद्दाम आठवलं, कारण जगातल्या नावाजलेल्या हॉटेलांना मिशेलिनचे जे तारे मिळतात, त्यांचा अर्थ जवळजवळ हाच आहे. एक तारा म्हणजे वाटेत असेल तर थांबा. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जा. आणि तीन तारे म्हणजे त्या एका जेवणासाठी घरून निघालात तरी चालेल.

तारे देणारी कंपनी टायरची, हे तुम्हांला माहीत असेलच. १९०० साली अख्ख्या फ्रान्समध्ये मोटारी होत्या तीन हजारांच्या आत. क्लेर्माँ-फेराँ गावच्या आंद्रे आणि एदुआर मिशेलिन या भावांचं गणित साधं होतं. गाड्या धावल्या तर टायर झिजणार, झिजले तर नवे विकले जाणार. म्हणून त्यांनी नकाशे, गॅरेजं, मुक्कामाच्या जागा अशी माहिती असलेली छोटी पुस्तिका काढली आणि फुकट वाटली, तब्बल ३५,००० प्रती. पुढे एका टायरवाल्याच्या दुकानात आपली पुस्तिका टेबलाच्या पायाखाली टेकू म्हणून सारलेली आंद्रेंनी पाहिली, असं कंपनीच सांगते. फुकटच्या वस्तूची ही गत होणारच. १९२० पासून त्यांनी सात फ्रँक किंमत लावली, १९२६ साली तारे आले आणि १९३१ साली एक, दोन, तीन अशा पायऱ्या आल्या.

तेव्हा हा तारा मुळात वाटसरूसाठी आहे. याचा एक मासलेवाईक दाखला टोकियोचा. गिंझा भागात भुयारी रेल्वेच्या स्टेशनालगत, एका इमारतीच्या तळघरात जिरो ओनो यांचं सुशीचं दुकान आहे. दहाच खुर्च्या, आणि स्वच्छतागृह दुकानाबाहेर. २००७ साली मिशेलिनने टोकियोचं पहिलं पुस्तक काढलं, त्यात या दुकानाला थेट तीन तारे मिळाले. २०१४ साली जपानच्या पंतप्रधानांनी ओबामांना जेवायला इथेच आणलं. आणि २०१९ साली मिशेलिनने पुस्तकातून दुकानाचं नावच काढलं. चवीत खोट नव्हती. दुकान सर्वसामान्य गिऱ्हाइकाचं बुकिंगच घेईनासं झालं होतं, ओळखीपाळखीने किंवा मोठ्या हॉटेलामार्फतच प्रवेश. जिथे वाटसरूला शिरता येत नाही, ती जागा वाटसरूच्या पुस्तकात कशाला? मला हा निर्णय पटला.

असल्या सुशीच्या फळीपुढे बसायचा योग मला एकदाच आला, जिरोंकडे नव्हे, टोकियोतच एका लहानशा दुकानात. आठ माणसं, समोर गुळगुळीत लाकडाची फळी, पलीकडे आचारी. तिथे मेन्यूकार्ड नसतं. 'ओमाकासे' म्हणायचं, म्हणजे तुमच्यावर सोपवलं. तो एकेक घास वळतो आणि समोर ठेवतो. भात अंगाइतका कोमट, वरचा मासा गार. हा फरक जिभेवर कळतो तो जेमतेम अर्धा मिनिट. मी काय केलं असेल? मोबाइल काढला. आधी उभा फोटो, मग आडवा, मग यजमानांना म्हटलं, जरा हात बाजूला घ्या. मान वर केली तर घास नव्हता. आचाऱ्याने तो उचलून बाजूला ठेवला होता आणि नवा वळायला घेतला होता. चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. नवा घास ठेवताना त्याने फक्त माझ्या हाताकडे पाहिलं. पुढचे चौदा घास मी शाळेतल्या मुलीसारखे खाल्ले, हाताने, कारण सुशी हाताने खाल्लेली चालते. आपल्याला त्यात नवल ते काय! सोया सॉसमध्ये मात्र भाताची नव्हे, माशाची बाजू टेकवायची, नाहीतर भात सुटतो. आणि अत्तर लावून जायचं नाही, शेजारच्याच्या माशाला तुमचा मोगरा लागतो.

सगळं आटोपलं पाऊण तासात. एवढे पैसे आणि पाऊण तास, असं यजमान दोन दिवस म्हणत होते.

सावकाश जेवायचं असेल तर क्योटोला जावं. तिथलं 'काइसेकी' म्हणजे ऋतूचं पान वाढणं. झेन भिक्षू भूक मारायला गरम दगड फडक्यात गुंडाळून पोटाशी धरत, त्यावरून चहाच्या विधीआधीच्या साध्या जेवणाला हे नाव पडलं, असं सांगतात. आजचं काइसेकी साधं नाही. दहा-बारा पदार्थ एकामागून एक येतात. भांडीही ऋतूप्रमाणे बदलतात, उन्हाळ्यात काच, थंडीत जाड मातीचं. पण शेवट पाहून मला हसू आलं. सगळी कलाकुसर संपली की येतो पांढरा भात, बरोबर लोणची आणि मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या साराची वाटी. म्हणजे कितीही पक्वान्नं वाढा, जेवण संपायचं भातावर. आपला ताकभात दुसरं काय करतो?

या जेवणाचा सगळा डोलारा एका पाण्यावर उभा असतो. त्याला 'दाशी' म्हणतात. कोंबू नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ पाण्यात घालून, उकळी येऊ न देता, साठ अंशांच्या आसपास तासभर ठेवायचं. मग ते काढून पाणी जरा तापवायचं आणि त्यात कात्सुओबुशी टाकायचं. हा कुप्याच्या जातीचा मासा. उकडून, धुरी देऊन, वाळवून असा करतात की लाकडाचा ओंडकाच वाटावा. तो किसतात कशावर, तर सुताराचा रंधा उलटा बसवलेल्या लाकडी पेटीवर. खालच्या खणात गुलाबी पापुद्रे पडतात, पेन्सिलीच्या सालपटांसारखे. मी रत्नागिरीची, सुकट-बोंबिलाच्या वासात वाढलेली, त्यामुळे तो वास आला तेव्हा परक्या मुलखात ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. याच कोंबूच्या पाण्यातून किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. पुढच्याच वर्षी ते डबीत भरून बाजारात आलं. नाव होतं अजिनोमोटो. आपल्या नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवर जो पांढरा चमचा फिरतो, त्याचं कूळ हे असं थोर आहे.

जुलैत गेलात तर हामो मागा. म्हणजे आपली वाम, तिच्याच जातीतली. क्योटो समुद्रापासून लांब. जुन्या काळी उन्हाळ्यात तिथवर जिवंत पोचणारा मासा हाच, चिवट. पण काटे असे की मोजता येऊ नयेत. म्हणून कातडी शाबूत ठेवून आतल्या मांसाला इतक्या जवळजवळ चिरा द्यायच्या की काटा बारीक तुटून तोंडाला लागूच नये. तीन सेंटिमीटरमध्ये चोवीस चिरा ही कसबाची खूण. सुरी चालते तेव्हा कोऱ्या कापडाला कात्री लागावी तसा बारीक करकर आवाज येतो. गरम पाण्यात टाकला की तुकडा शेवंतीसारखा उमलतो.

हे सगळं मासे खाणाऱ्यांचं झालं. आमच्याबरोबर नणंदबाई होत्या, कट्टर शाकाहारी. मी आदल्या दिवशी एका काइसेकीवाल्यांना कळवलं की एक पान बिनमाशाचं हवं. उत्तर फार नम्र आलं, की हे जरा अवघड आहे. मी म्हटलं, अवघड आहे म्हणजे करतील. नाही हो. जपानी माणूस 'अवघड आहे' म्हणाला की 'नाही' समजायचं. त्यात त्यांचं चुकलंही नव्हतं. मासा ताटातून काढता येतो, दाशीतून कसा काढणार? भाजी त्यातच शिजलेली, टोफूवरचा रस्सा त्याचाच, तळणाच्या बाजूचं पाणीसुद्धा तेच. शाकाहारी मंडळींनी बुकिंग करतानाच, आठवडा-दोन आठवडे आधी, 'दाशीसुद्धा नको' असं स्पष्ट लिहावं.

वाट सापडली ती देवळात. क्योटोच्या अराशियामा भागातल्या तेनर्यू-जी मंदिराच्या आवारात 'शिगेत्सू' नावाची जागा आहे. तिथे 'शोजिन ऱ्योरी' मिळतं, बौद्ध मठातलं जेवण. मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण बंद असे, त्यामुळे नणंदबाईंना काही समजावून सांगावंच लागलं नाही. दाशी कोंबूची आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची. चटईवर तांबड्या सतरंज्यांच्या लांब पट्ट्या, त्यावर ओळीने बसायचं आणि पुढ्यात तांबड्या लाखेच्या वाट्यांचं तबक. नणंदबाईंनी पदर खोचला, मांडी घातली आणि म्हणाल्या, "वहिनी, ही तर पंगत!" तिळाचा टोफू त्यांनी दोनदा मागितला. दुसऱ्यांदा मिळाला नाही. पंगत होती, पण आग्रह नव्हता.

आता फ्रान्स. तिथे शाकाहाऱ्यांचे हाल होतात अशी ख्याती आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ती खरीही आहे. पण पॅरिसात रोदाँ संग्रहालयाच्या समोरच्या गल्लीत आलँ पासार यांचं 'आर्पेज' आहे. १९९६ पासून तीन तारे. मांस भाजण्यात नाव कमावलेल्या या माणसाने २००१ साली तांबडं मांस मेन्यूवरून काढलं आणि स्वतःच्या मळ्यातल्या भाज्यांवर स्वयंपाक उभा केला. लोक म्हणाले, आता तारे जाणार. गेले नाहीत. २०२५ च्या जुलैत त्यांनी मासे, दूध, अंडीही सोडली, मध तेवढा ठेवला. त्यांचा गाजलेला पदार्थ म्हणजे बीट. अख्खं बीट करड्या समुद्री मिठाच्या ढिगात पुरून भाजायचं, मिठाचं कवच फोडायचं आणि वाढायचं. बीटच ते, उपासालाही आपण ज्याला विचारत नाही ते. आम्ही दारावरचे दर वाचले, आत पाहिलं आणि संग्रहालयात गेलो. मला त्याची लाज वाटत नाही.

खिशाला झेपेल असं करायचं तर फ्रान्समध्ये दुपारी जेवा. तेच स्वयंपाकघर, तेच आचारी, आणि दुपारचं ठरावीक जेवण रात्रीच्या मानाने पुष्कळ स्वस्त. मात्र बारा ते दोनच्या आत बसायचं, अडीचला दार वाजवलंत तर पाणीसुद्धा मिळणार नाही. तिथे 'मेन्यू' म्हणजे ठरावीक दरातलं पूर्ण जेवण, पदार्थांच्या यादीला 'कार्त' म्हणतात. नळाचं पाणी मागितलं तर फुकट, नाहीतर बाटली फुटलीच म्हणून समजा. सेवेचे पैसे बिलात धरलेले असतात, टीप मनाला वाटली तर. जपानमध्ये तर टीप ठेवलीत की पोरगा रस्त्यापर्यंत धावत येतो, तुमचे पैसे राहिले म्हणून. बुकिंगला बऱ्याच ठिकाणी क्रेडिट कार्ड मागतात आणि न सांगता गेला नाहीत तर पैसे कापतात, दोन्ही देशांत.

चीजबद्दल एक सावधगिरी. जुन्या पद्धतीच्या बहुतेक फ्रेंच चीजमध्ये दूध थिजवायला वासराच्या जठरातलं रेनेट घातलेलं असतं. नणंदबाईंना हे कळलं तेव्हा चीजची गाडी टेबलाशी येऊन थांबली होती.

या दोन देशांचं एकमेकांशी काय आहे, ते फ्रेंच आचारी पॉल बोक्यूज यांच्या गोष्टीत दिसतं. लियाँजवळ, सोन नदीकाठी त्यांचं घराण्याचं हॉटेल. १९६५ पासून तीन तारे. सत्तरच्या दशकात ते ओसाकाच्या शिझुओ त्सुजी यांच्या पाकशाळेत शिकवायला जाऊ लागले, आणि फ्रेंच ताटं हलकी, नेटकी, ऋतूवर बेतलेली झाली त्यात जपानचा हात आहे, असं बरेच जाणकार मानतात. जोएल रोबुशाँ या दुसऱ्या फ्रेंच आचाऱ्यांनी तर सुशीची फळीच उचलली. २००३ साली टोकियोत आणि पॅरिसात त्यांनी 'आतेलिए' काढलं, गिऱ्हाईक उंच स्टुलावर आणि आचारी समोर. बोक्यूज २०१८ साली गेले. २०२० च्या जानेवारीत त्यांच्या हॉटेलाचा तिसरा तारा गेला, पंचावन्न वर्षांनी. आणि त्याच महिन्यात, त्याच पुस्तकात, पॅरिसच्या केई कोबायाशींना तिसरा तारा मिळाला. फ्रान्समध्ये तीन तारे मिळवणारे पहिले जपानी आचारी.

लियाँमध्ये आम्ही जेवलो ते एका ताऱ्याच्या जागी, दुपारी. बारा-पंधरा टेबलं. जेवण साडेबाराला सुरू झालं, अडीचला कॉफी आली, तिच्याबरोबर बोटाच्या पेराएवढी गोडं आली. मग काही येईना. आपल्याकडे शेवटचा घास गिळायच्या आत बडीशेपेच्या वाटीत बिल येतं. आम्ही हात बांधून बसलो. वाढपी लांबून हसायचा, आम्हीही हसायचो. तीन वाजले. शेजारची टेबलं रिकामी झाली, खुर्च्या उलट्या व्हायला लागल्या. यजमान म्हणाले, "हे आपल्याला ठेवून घेतात की काय?" शेवटी मी उठून विचारलं. वाढपी ओशाळला. म्हणाला, "बाई, न मागता बिल आणणं म्हणजे पाहुण्याला उठ म्हणण्यासारखं. आम्ही तुमची वाट पाहत होतो."

आणि आम्ही त्यांची.

नमस्कार.