जेम्स टेलर: बारा सेंट उतरलेली तार

नमस्कार, श्रोतेहो. अमेरिकन गायक-गीतकार जेम्स टेलर यांची गाणी इतकी सहज वाटतात की त्यामागचं काटेकोर काम लक्षातच येत नाही.

जन्म 1948चा, बॉस्टनमधला. बालपण गेलं नॉर्थ कॅरोलायनात. आधी चेलो शिकले, मग बाराव्या वर्षी गिटार हाती आली. न्यूयॉर्कमधला त्यांचा ‘फ्लाइंग मशीन’ हा बँड मोडला आणि हेरॉइनचं व्यसन मागे लागलं. 1968 मध्ये बीटल्सच्या ‘ॲपल’ कंपनीनं त्यांचा पहिला अल्बम काढला, पण तो फारसा चालला नाही. 1970 च्या ‘स्वीट बेबी जेम्स’नं मात्र नाव झालं.

त्यातलं ‘फायर अँड रेन’ नीट ऐका. पहिल्या कडव्यात मैत्रिणीची आत्महत्या आहे. शेवटी येणारं मोडकं उडतं यंत्र म्हणजे विमान अपघात नव्हे, तो मोडलेला बँड. रस कंकेल यांनी ड्रम काठ्यांऐवजी ब्रशनं वाजवलेत, डबल बास गजानं वाजवलाय आणि पियानोवर आहेत कॅरोल किंग. म्हणून एवढी वाद्यं असूनही आवाज गिटारच्या वर चढत नाही.

आता ती गिटार. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या गळ्यावरच्या तिसऱ्या पट्टीवर; बोटं ‘ए’ कॉर्डच्या आकारात, सूर येतो पांढरी एकचा. गंमत आहे ती तारा लावण्यात. कॅपो दाबला की तारा ताणल्या जाऊन सूर चढतो. शिवाय जाड तार छेडल्याक्षणी जरा चढीच बोलते. ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्रावर, सगळ्या तारा काट्यावर बरोबर आल्या तरी खर्ज खटकतो, तो यामुळे.

टेलर म्हणून तारा मुद्दाम उतरवून लावतात. अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. जाड सहाव्या तारेपासून क्रमानं 12, 10, 8, 4, 6 आणि 3 सेंट खाली. तिसरी तार दुसरीपेक्षा कमी उतरवलेली आहे, तिथे हमखास गफलत होते. हे कॅपो काढूनच करायचं. कॅपो लावल्यावर तारा उतरवल्यात, तर त्याच्या ताणाची भरपाई होतच नाही. ट्यूनरही सेंटचे आकडे दाखवणारा हवा. नुसत्या हिरव्या दिव्यावर तीन सेंटचा फरक कळत नाही.