यखन्याच्या पोरांचं तेल

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढा, येशूची वंशावळ. हे पान आपण सगळेच भराभर उलटतो, अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला, आणि थेट अठराव्या वचनावर येतो कारण तिथून ख्रिसमसची गोष्ट सुरू होते. संडे स्कूलमध्ये मला हाच भाग मोठ्याने वाचायला दिलेला, शल्तीएल आणि जरुब्बाबेल म्हणताना जीभच वळेना. आज विचाराल तर त्या यादीतलं माझ्या सगळ्यात जवळचं नाव यखन्या, आणि आज त्याच्याबद्दलच बोलायचंय.

हा दावीदाच्या घराण्यातला यहूदाचा राजा, अठराव्या वर्षी गादीवर बसला, तीन महिने टिकला आणि इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर त्याला बाबेलला घेऊन गेला, आई, बायका, सगळ्यांसकट. त्याच्याबद्दल यिर्मयाच्या २२व्या अध्यायात देव काय म्हणतो बघा, तू माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असतास तरी उपटून फेकली असती, आणि याला निपुत्रिक म्हणूनच लिहून ठेवा, याच्या वंशातला कोणी दावीदाच्या गादीवर बसणार नाही. आता सांगा, तुझी गादी कायम राहील, हे देवाने दावीदाला दिलेलं वचन इथे संपलं की नाही? त्या वेळच्या यहूदी माणसाला तर संपलं असंच वाटलं असणार.

आणि आता बाबेलला चला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन लोकांनी तिथे उत्खनन केलं, त्यात मातीच्या पाट्या सापडल्या, कैद्यांना आणि कामगारांना किती तेल दिलं त्याचा हिशोब. अक्षरशः रेशनचं रजिस्टर. त्यात यहूदाच्या राजाचं नाव आहे, आणि त्याच्याबरोबर राजाची पाच मुलं, पाचांना मिळून अडीच सिला (तिथलं माप) तेल, म्हणजे एकेकाला अर्धा लिटरच्या आसपास. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ गप्प बसलो होतो. ज्याला निपुत्रिक लिहा म्हटलं त्याच्या पोरांना शत्रूचा कारकून तेल मोजून देतोय! त्या कारकुनाला देव माहीत नव्हता, त्याला फक्त हिशोब जुळवायचा होता, पण दावीदाचा वंश जगत होता तो त्याच कोठारातल्या तेलावर.

पुढे याच यखन्याचा नातू जरुब्बाबेल यरुशलेमला परत येतो, आणि हाग्गय संदेष्ट्याच्या तोंडून देव त्याला म्हणतो, मी तुला मुद्रेच्या अंगठीसारखं करीन. तीच अंगठी! पण जरुब्बाबेल राजा झाला नाही हं, नुसता सुभेदार. म्हणजे न्यायाचा शब्दही देवाने मोडला नाही आणि दयेचाही नाही, मला देवाचं सार्वभौमत्व कळलं ते इथे.

त्यानंतर मरीयेचा नवरा योसेफ याच्यापर्यंत नऊ नावं येतात, अबीहूदापासून याकोबापर्यंत, यांच्याबद्दल बायबलमध्ये दुसरीकडे कुठे काही नाही. पाचशे वर्षं, राज्य नाही, गादी नाही, आधी पारसी, मग ग्रीक, मग रोमी, आणि ही माणसं लग्नं करतायत, पोरं वाढवतायत. मत्तानाला नातू झाला, त्याचं नाव योसेफ ठेवलं, घरात कुणाला तरी कल्पना होती का?

बाराव्या वचनापासून कुणीतरी मोठ्याने वाचा आता, आणि नावं सावकाश घ्या.