पंप मारला, पण औषध पोहोचलं कुठे?

(दृश्य : काळा पडदा. पंपातून सुटलेला फवारा, अतिशय संथ गतीत.)

दम्याचा पंप एकदा दाबला की एवढं औषध बाहेर पडतं. नुसत्या डोळ्यांना हे टिपता येत नाही, म्हणून चित्राचा वेग कमी केला आहे. पांढरा झोत नाकासमोर सरळ जातो, कुठेही वळत नाही. फुप्फुसाची वाट मात्र घशापाशी खाली वळते. न वळलेलं औषध पडजिभेमागे आपटतं आणि थुंकीबरोबर पोटात जातं. पद्धत बरोबर असली तरी नुसत्या पंपातून साधारण १० ते २० टक्केच औषध श्वासनलिकांपर्यंत पोहोचतं.

(दृश्य : उभी कापलेली डबी.)

आत वायू दाबाखाली द्रव होऊन राहिलाय आणि त्यात औषधाची बारीक पूड आहे. डबी स्थिर ठेवली की पूड वेगळी होते. तोंडाशी असलेल्या झडपेत जेमतेम एका थेंबाएवढी जागा असते. दाबल्यावर तेवढंच बाहेर येतं. न हलवता दाबलंत, तर त्या थेंबात औषध कमी की जास्त, याचा भरवसा नाही. म्हणून हलवायचं. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस पडून असेल, तर आधी दोन-चार फवारे हवेत सोडायचे.

(दृश्य : पाण्याच्या पातेल्यात तरंगणारी डबी.)

हा प्रयोग घरोघरी होतो : डबी तरंगली म्हणजे संपली. करू नका. २०० फवारे संपल्यावरही आत वायू उरतो, फवारा तसाच सुटतो, आवाजही तोच येतो. औषधाचा मात्र पत्ता नसतो. मागे आकडा दाखवणारा पंप असेल तर तो वाचा. नसेल तर सुरू केल्याची तारीख डबीवर पेनानं लिहा आणि हिशेब ठेवा.

(दृश्य : औषधाच्या दुकानाचा काउंटर. निळा पंप, शेजारी गोळ्यांची पट्टी.)

साल्बुटामॉल, धाप लागल्यावर घ्यायचं औषध. एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. शेजारी त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. एका गोळीत ४० फवाऱ्यांचं औषध! ते पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात फिरतं; हात थरथरतात, छातीत धडधडतं, आणि आराम पडायला अर्धा तास जातो. पंपानं पाच मिनिटांत छाती मोकळी होते. तरी ‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा गोळी बरी’ असं सांगणारे अजून भेटतात.

पण हा निळा पंप करतो काय? श्वासनलिकेभोवतीचा आवळलेला स्नायू सैल करतो, चार ते सहा तास. आतल्या अस्तराची सूज तो उतरवत नाही. पावसाळ्यात फुगलेलं दार खांद्यानं ढकलून उघडावं, तसं हे आहे. दार उघडतं, फुगवटा तिथेच राहतो. सूज उतरवतं ते श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड : बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन. त्याचा परिणाम काही दिवसांत दिसू लागतो, पुरता दिसायला आठवडे जातात, आणि घेतल्या घेतल्या काहीच जाणवत नाही. लोक तेच सोडतात आणि निळा पंप खिशात ठेवतात, ते याचमुळे.

वर्षाला निळ्या पंपाच्या तीन किंवा जास्त डब्या लागत असतील, तर दम्याच्या मोठ्या झटक्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक, म्हणजे वर्षाला बारा लागत असतील, तर मृत्यूचा. दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ‘गिना’नं २०१९ साली स्पष्ट केलं की प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना नुसत्या साल्बुटामॉलवर ठेवू नये.

(दृश्य : टेबलावर जोडऔषधाचा पंप.)

मग काय ठेवावं? हा पंप. बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत नळी उघडतं आणि सुमारे १२ तास टिकतं. त्यामुळे धाप लागेल तेव्हा घेतलेल्या प्रत्येक फवाऱ्याबरोबर सुजेचं औषधही आपसूक जातं. दमा सौम्य असेल तर गरजेपुरता. नाहीतर रोज सकाळ-संध्याकाळ ठरलेला, आणि त्रास झाला तर वर त्यातलाच एखादा. फवाऱ्याला ६ मायक्रोग्रॅम फॉर्मोटेरॉल देणाऱ्या पंपाचे मोठ्या माणसाला दिवसात सगळे मिळून १२ फवारे, ही कमाल मर्यादा. तिच्या जवळपास जायची वेळ आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

सावध राहण्याची गोष्ट अशी की प्रत्येक जोडऔषध असं वापरता येत नाही. साल्मेटेरॉल असलेला पंप हळू चढतो. धाप लागल्यावर तो उपयोगाचा नाही. डबीच्या रंगावर जाऊ नका, कंपनीगणिक रंग बदलतात. लेबलवरचं औषधाचं नाव वाचा.

‘स्टिरॉइड’ म्हटलं की घरातले दचकतात. टेबलावर या दोन ढिगल्या बघा. डावीकडे मोठ्या झटक्यात देतात तो प्रेडनिसोलोनचा कोर्स, रोज ४० मिलिग्रॅम, पाच दिवस. उजवीकडे ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड, रोजच्या पंपातलं. पाच दिवसांच्या गोळ्यांच्या वजनाएवढं औषध पंपातून जायला ५०० दिवस लागतील. दोन्हींची ताकद सारखी नाही, तेव्हा ही तुलना फक्त वजनाची. तरी पंप टाळून वर्षातून तीन-चारदा गोळ्यांचा कोर्स घेणारा स्टिरॉइड टाळत नसतो, एवढं यातून दिसतंच.

(दृश्य : स्पेसर. मास्क लावलेलं लहान मूल आईच्या मांडीवर.)

हा स्पेसर, पंपाला जोडायचा पोकळ नळा. झोत इथे मंदावतो, जड थेंब भिंतीला चिकटून राहतात, बारीक कण श्वासात जातात. पंप हलवून मागे बसवा, एकच फवारा सोडा, लगेच चार ते सहा साधे श्वास. दुसरा फवारा हवा असेल तर पंप पुन्हा हलवून, पुन्हा पहिल्यापासून. दोन फवारे एकदम सोडले तर कण एकमेकांना चिकटतात आणि मात्रा उलट घटते. मुलाचा मास्क गालाला नीट टेकलेला हवा. फट राहिली की औषध डोळ्यांत.

धुताना काय होतं पाहा. साबणाच्या कोमट पाण्यात बुडवला, बाहेर काढला, तसाच उभा ठेवला. फडक्यानं पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. नवा प्लॅस्टिकचा स्पेसरही याच कारणानं वापरण्याआधी धुवायचा.

(दृश्य : खिडकीबाहेर धो धो पाऊस. ओट्यावर उघडी कॅप्सूलची बाटली, शेजारी रोटाहेलर.)

रोटाहेलर, म्हणजे कॅप्सूलमधली औषधाची पूड श्वासानं ओढायचं यंत्र, महाराष्ट्रात घरोघरी आहे, स्वस्तही पडतो. पारदर्शक टोक खाली ठेवून कॅप्सूल चौकोनी भोकात दाबायची, खालचा भाग फिरवायचा; आत कॅप्सूलचे दोन तुकडे होतात. आता श्वास बाहेर सोडायचा, पण यंत्रात नाही. तोंडात धरून फुंकलं तर ओल जाते आणि पूड चिकटून बसते. मग जोरात, खोल ओढायचं. पंपाला संथ श्वास लागतो, याला जोराचा. दोन्ही घरात असले की नेमकी इथे गल्लत होते. शेवटी उघडून बघा, पूड उरली असेल तर पुन्हा ओढा. जुलै-ऑगस्टमध्ये बाटली उघडी राहिली तर कॅप्सूल मऊ पडते आणि पुडीच्या गुठळ्या होतात. पाच वर्षांखालच्या मुलाला किंवा मोठ्या झटक्यात कुणालाच एवढा जोर लावता येत नाही. आणि हो, ही कॅप्सूल गिळायची नाही. गिळणारे कमी नाहीत.

स्टिरॉइड कुठल्याही मार्गानं ओढलेलं असो, नंतर चूळ भरायची, गुळण्या करायच्या आणि पाणी थुंकायचं. नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते, आवाज बसतो.

बाकी औषधं थोडक्यात. मॉन्टेल्युकास्टची रात्रीची गोळी ॲलर्जीचा दमा आणि सर्दी असणाऱ्यांना उपयोगी पडते, पण पंपाची जागा घेत नाही. झोप, मूड, विचार यांवरच्या परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० साली तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. नळी उघडणारं थिओफिलिन स्वस्त, मात्र उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांतलं अंतर फार थोडं. सोबत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेतलं तर उलट्या, धडधड, आकडीसुद्धा. तीव्र दम्यात नळी उघडणारं आणखी एक औषध, टायोट्रोपियम, जोडतात. त्यानंही भागलं नाही तर ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅबसारखी इंजेक्शनं, दोन ते चार आठवड्यांनी एक. किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर.

दम्यानं जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असा २०१९ चा अंदाज आहे.

(दृश्य : झटका आल्यावरचं प्रात्यक्षिक.)

वाक्य पुरं बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. आडवं झोपवू नका, ताठ बसवा. साल्बुटामॉल, स्पेसरमधून, एका वेळी एक, असे चार फवारे. गरज पडली तर दहापर्यंत. वीस मिनिटांनी पुन्हा. पहिल्या तासात असं तीनदा करता येतं, पण तो तास घरी बसून मोजायचा नाही. पहिल्या फेरीनंतर उतार नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा घरघर थांबूनही माणूस थकत चालला असेल, तर दवाखान्यात निघा. शांत झालेली छाती हे बरं वाटण्याचं लक्षण नसू शकतं. रिक्षात बसल्यावरही स्पेसर हातात ठेवा, फवारे चालू ठेवा, आणि घरातले सगळे पंप पिशवीत घालून न्या. किती घेतलं, ते तिथे पहिल्याच मिनिटात विचारतात.