खडूतलं तळघर

श्रोतेहो, नमस्कार.

फसफसणाऱ्या वाइनची गंमत सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्यासाठी किती थांबावं लागतं ते बागेत राबणाऱ्यालाच ठाऊक. फ्रान्सच्या शॅम्पेन भागात आधी साधी वाइन करतात. मग बाटलीत थोडी साखर आणि यीस्ट घालून ती घट्ट बंद करतात. लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर. ती आतल्या आत आंबते आणि वायूचा दाब हवेच्या सहापट होतो. त्यानंतर ती तळघरात पडून राहते. बाटलीबंद झाल्यापासून किमान 15 महिने ती विकताच येत नाही, तसा कायदाच आहे.

आता सांगा, चार तुकडे जमीन असलेल्या बागायतदाराने तोवर घर कशावर चालवायचं? म्हणून तो तोडलेली द्राक्षं व्यापाऱ्याला विकून मोकळा व्हायचा आणि भाव व्यापारी ठरवायचा. बाहेरून स्वस्त माल आणून त्याची शॅम्पेन केली जाऊ लागली, तेव्हा 1911 मध्ये लोकांचा संताप अनावर झाला. व्यापाऱ्यांची गोदामं फुटली, रस्त्यावर वाइन वाहिली.

रँस शहराजवळच्या मायी गावातल्या बागायतदारांनी वेगळी वाट धरली. गाब्रिएल सिमाँ यांच्या पुढाकाराने 1929 मध्ये त्यांनी सहकारी संस्था काढली. तळघर बांधायला पैसा नव्हता, पण पायाखाली खडूचा मऊ दगड होता. कुदळी घेऊन त्यांनी तो स्वतःच खोदला, एक-दोन नव्हे, कित्येक वर्षं. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. कारण त्यांनी नुसती जागा खोदली नाही. एकेकट्याला न परवडणारा वेळ सगळ्यांनी मिळून कमावला.

त्या गारव्यात बाटल्या पडून राहतात. शेवटी त्या हळूहळू फिरवत उलट्या करतात, म्हणजे यीस्टचा गाळ मानेशी येऊन बसतो. मान गोठवून झाकण काढलं, की गाळ धरून बसलेला बर्फाचा खडा आतल्या दाबाने सटकन बाहेर उडतो आणि मागे नितळ वाइन उरते.

मायीची संस्था आजही फक्त आपल्याच गावच्या द्राक्षांची शॅम्पेन करते. शॅम्पेनची बाटली कधी हाती आली तर लेबलावरची बारीक अक्षरं जरूर पाहा. नोंदणी क्रमांकाआधी ‘सीएम’ असेल, तर ती बागायतदारांच्या सहकारी संस्थेने केलेली आहे.