डाग न धरणारा धागा

[दृश्य: विल्मिंग्टन, डेलावेअर. प्रयोगशाळेची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

1930 सालचा एप्रिल महिना. अमेरिकेतल्या ड्युपाँट या रसायन कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्युलियन हिल हा रसायनशास्त्रज्ञ काचपात्रातला वितळलेला चिकट गोळा हलवत होता. काचेची दांडी वर उचलली आणि तिला चिकटून बारीक तार निघाली. गार झालेली तार पुन्हा ओढली, तर ती तुटेना. लांबत गेली आणि लांबेल तशी मजबूत होत गेली. रेशमासारखी चकाकायला लागली. ती कुठवर ताणते हे बघायला मंडळी टोक धरून बोळातून पळाली, असं सांगतात.

त्या तारेत घडत काय होतं? गोळ्यात लांबलचक रेणू एकमेकांत गुंतून पडलेले असतात. ताण दिला की विस्कटलेले केस विंचरावेत तसे ते एका दिशेला लागतात आणि एकमेकांना घट्ट धरतात. आजही प्रत्येक नायलॉनचा धागा कारखान्यात असाच ओढला जातो.

हिलचे प्रमुख होते वॉलेस कॅरोदर्स. 1928 मध्ये हार्वर्ड सोडून ते इथे आले. इतके लांब रेणू असूच शकत नाहीत, असं त्या काळी अनेक शास्त्रज्ञ मानत. कॅरोदर्सनी ते कडी कडी जोडून बनवूनच दाखवले. हिलची तार पॉलिएस्टरची होती, पण ती थोड्याशा उष्णतेनेच मऊ व्हायची. कापड धुवायचं, इस्त्री करायचं, तर ती उपयोगाची नव्हती. 28 फेब्रुवारी 1935 रोजी त्यांच्या गटाने सहा कार्बनचं एक अमाइन आणि सहा कार्बनचं अ‍ॅडिपिक आम्ल जोडलं. ते होतं नायलॉन 6,6. ते वितळायला सुमारे 260 अंश सेल्सिअस तापमान लागतं.

नायलॉनचे पायमोजे अमेरिकाभर विक्रीला आले 15 मे 1940 रोजी. दीर्घकाळ नैराश्याशी झुंजणारे कॅरोदर्स त्याआधीच, एप्रिल 1937 मध्ये गेले होते. वय अवघं 41. आपला धागा माणसांच्या अंगावर आलेला त्यांना पाहायला मिळाला नाही, याची चुटपुट लागते.

[दृश्य: डाल्टन, जॉर्जिया. टफ्टिंग यंत्राच्या सुयांची रांग, जवळून.]

पायमोज्यांनंतर युद्धात पॅराशूट आले. धाग्याने खरी जमीन व्यापली ती मात्र जॉर्जिया राज्यातल्या डाल्टनमध्ये. 1895 मध्ये इथल्या कॅथरीन इव्हान्स या किशोरवयीन मुलीने लग्नात भेट द्यायला एक पलंगपोस हाताने भरला. कापडातून जाड सुताचे टाके घ्यायचे, टोकं कापून फुलवायची. तिचं बघून गावोगावच्या बाया हे काम करू लागल्या. पुढे यंत्रं आली, रुंद झाली आणि पलंगपोसाचं गालिच्यात रूपांतर झालं.

या सुया बघा. शेकडो सुया एकदम खाली येतात, तळाच्या कापडातून धागा पलीकडे नेतात. खाली आकडा फास धरून ठेवतो, मागून लेटेक्सचा थर देतात. विणण्याचा वेळ वाचला, गालिचा स्वस्त झाला. 1950 च्या दशकाच्या अखेरीस ड्युपाँटने नायलॉनचा अखंड, कुरळा केलेला फुगीर धागा आणला. तुकड्यांचं सूत कातायचं काम संपलं, पायाखाली लव गळणंही थांबलं.

पण नायलॉनची एक अडचण होती. त्याच्या रेणूंच्या टोकांना रंग पटकन चिकटतो. रंगाऱ्याला ते हवंच असतं. मात्र लाल सरबत सांडलं की त्यातला रंगही त्याच जागा धरून बसतो. ड्युपाँटच्या 1986 च्या स्टेनमास्टर गालिच्यांत या जागा आधीच रंगहीन रसायनाने भरून टाकल्या. सरबताला बसायला जागाच उरली नाही. मला ही युक्ती फार आवडते. न दिसणारी, पण नेमकी.

तेलाचं काय? त्याचं उत्तर मिनेसोटात आधीच सापडलं होतं.

[दृश्य: कॅनव्हासचा पांढरा बूट. त्यावर पाण्याचा थेंब गोल राहून घरंगळतो.]

1953. थ्री-एम कंपनीत जेट विमानाच्या इंधननळ्यांसाठी रबर शोधणं चालू होतं. एका सहायिकेच्या बुटावर फ्लोरिनयुक्त द्रावण सांडलं. साबण, अल्कोहोल, सगळं करून झालं, ते निघेना. दिवस गेले तसा बाकीचा बूट मळला, तेवढी जागा स्वच्छ राहिली. पॅट्सी शर्मन आणि सॅम स्मिथ यांनी ते हेरलं. मेणाचा लेप पाणी अडवतो, तेल अडवत नाही. धाग्यावर उभ्या राहणाऱ्या फ्लोरिनच्या शेपट्या दोन्ही अडवत होत्या. 1956 मध्ये स्कॉचगार्ड हे डाग अडवणारं रसायन बाजारात आलं. कापडगिरणीत त्याच्या चाचण्या चालू असताना शर्मनना बाहेर थांबावं लागे, कारण आत बायकांना मज्जाव होता. शोध त्यांचा आणि दारं बंद त्यांनाच!

आता याची दुसरी बाजू. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध रसायनशास्त्रातल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक. साबणाने तुटत नाही, तसाच तो मातीत, नदीत, शरीरातही तुटत नाही. मे 2000 मध्ये थ्री-एमने स्कॉचगार्डमागचं जुनं रसायन, पीएफओएस, बंद करत असल्याचं जाहीर केलं. 2009 मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे न विरणाऱ्या प्रदूषकांवर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आलं. 2024 मध्ये अमेरिकेने पिण्याच्या पाण्यातल्या पीएफओएसची मर्यादा ठरवली: एका लिटरमध्ये 4 नॅनोग्रॅम.

गालिच्यांवरची अशी रसायनं घेऊन येणारं डाल्टनचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोनासौगा नदीकाठच्या जंगलात फवारलं जात होतं. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या, जॉर्जियातल्याच रोम शहराने 2019 मध्ये कार्पेट आणि रसायन कंपन्यांना कोर्टात खेचलं.

[दृश्य: लोटे परशुराम, रत्नागिरी. मग दाभोळ खाडी, ओहोटी.]

ही गोष्ट आपल्याकडे येते ती इटलीमार्गे. विचेंझाजवळच्या त्रिसिनो गावात मार्झोत्तो या कापड उद्योगाने पाण्यापासून कापड वाचवणाऱ्या रसायनांचं केंद्र काढलं होतं. तेच पुढे मितेनी हा फ्लोरिनयुक्त रसायनांचा कारखाना झालं. भूजल दूषित झालं, 2018 मध्ये कारखान्याचं दिवाळं निघालं. 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने माजी अधिकाऱ्यांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात विकली गेली आणि कोकणात, लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत आली.

लोट्याचं सांडपाणी दाभोळ खाडीला मिळतं. त्या पाण्याची, गाळाची आणि माशांची या रसायनांसाठी नियमित तपासणी व्हायला हवी. आणि ते आकडे खाडीवरच्या मच्छीमारांना, त्यांच्या भाषेत, त्यांच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर वाचता आले पाहिजेत.