तिसरं आधण

(काळोख. दूरवर एक ठिणगी. मग धुराडं.)

पौष महिना. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठावर अजून तांबडं फुटलेलं नाही. चुलवाण मात्र पहाटे तीनलाच पेटलंय. गुऱ्हाळ भावकीतलं, पाळीनं चालणारं. आजपासून पाच दिवस पाळी आबांची आहे. पाळी सुरू होण्याआधी आबांनी काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, राखेनं दोनदा घासून घेतली. आधीच्या आधणाचा, म्हणजे एका वेळी शिजवलेल्या रसाचा, लवलेशही त्यात राहता कामा नये, हा त्यांचा हट्ट.

आबांची जमीन अडीच एकर. त्यातल्या एकरभर उसाचा गूळ होतो. उरलेल्यात भात, भुईमूग, थोडी भाजी आणि जनावरांची वैरण. रासायनिक खताची गोणी या बांधावर अकरा वर्षांत आलेली नाही.

(गोठा. आक्का धार काढतायत. शेण पाटीत.)

दोन देशी गाई, एक म्हैस. म्हशीचं दूध डेअरीला जातं, गाईचं घरात. शेण आणि गोमूत्र जातं त्या निळ्या पिंपात. एकरी माप ठरलेलं आहे: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळायचं आणि आठवड्याच्या आत पाटाच्या पाण्याबरोबर सोडून द्यायचं. हे जीवामृत. यात बाजारचा पिवळाधमक गूळ आबा घालत नाहीत.

(बाइट: आबा)
"पावडर टाकल्याला गूळ मातीला कशापायी घालू? आपुन खात न्हाई, मातीनं का खावा?"

(फड. कोयत्याचा आवाज. मोळ्या.)

आता ऊसतोड. हा खोडवा आहे, म्हणजे पहिलं पीक तोडल्यावर त्याच बुडख्यांतून फुटलेला ऊस. गेल्या साली तोडणी झाल्यावर बहुतेक शेतांत पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवून दिलं गेलं. आबांनी ते सरीत तसंच पसरून ठेवलं. उन्हाळ्यात त्यानं ओल धरली, तण दाबलं आणि पावसाळ्यात कुजून त्याचं खत झालं. कॅमेरा खाली आणला तेव्हा बुडख्याशी गांडुळांची विष्ठा दिसली, तिचे हे दाणे. हे दृश्य आम्ही मुद्दाम लांबवलंय.

वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांना. ऊस सोलून, मुळ्या काढून गुऱ्हाळाकडं. तोडलेला ऊस त्याच दिवशी गाळायचा. तो जितका वाळत पडेल, तितका रस आंबट होतो आणि गूळ नीट बसत नाही.

(घाणा. रसाची धार. चिपाडांचे ढीग उन्हात.)

घाण्यातून रस एका बाजूला आणि चिपाड दुसऱ्या बाजूला. अंगणभर पसरलेलं हे पांढरं चिपाड दोन दिवस उन्हात वाळतं आणि चुलवाणाच्या तोंडात जातं. उसाचाच रस उसाच्याच चिपाडावर शिजतो, विकतचं जळण लागत नाही. चुलवाणात जाळ घालणारा जळव्या दिवसभर कुणाशी बोलत नाही. आम्ही प्रयत्न करून पाहिला.

(काहील. रस तापतोय. फेस.)

काहिलीत साधारण हजार लिटर रस मावतो. ताप लागला की आधी करड्या रंगाची मळी वर येते. ती झाऱ्यानं काढून बाजूच्या डब्यात. चुन्याची निवळी थोडीशी, रसाचा आंबटपणा मारण्यापुरती. आणि मग ही बघा, रानभेंडी. पावसाळ्यात बांधावर लावलेली ही झाडं आबांनी काल मुळासकट उपटून आणली, खोडं ठेचली आणि रात्रभर पाण्यात भिजत घातली. सकाळी बादलीत हात घातला तर पाणी तारेसारखं लोंबतं. हा बुळबुळीत चीक रसात ओतला की बारीकसारीक घाण त्याला चिकटून वर येते. दुसरी मळी, तिसरी मळी. प्रत्येक वेळी रस उजळत जातो.

बऱ्याच गुऱ्हाळांत याच टप्प्यावर एक पुडी फुटते. हायड्रॉस म्हणतात तिला, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. गुळाला झटक्यात सोनेरी पिवळा रंग येतो आणि गुळात गंधकाचा अंश राहू शकतो. काही महिने साठवला की तो गूळ पुन्हा काळवंडतो, पण तोवर विकला गेलेला असतो. आबांच्या काहिलीत निवळी आणि भेंडीशिवाय काही पडत नाही. पडतं ते एवढंच: फेस काठावर चढू लागला की चमचाभर शेंगतेल. तेल पडताच फेस मुकाट खाली बसतो.

(इथे निवेदन नाही. वीस सेकंद फक्त काहिलीचा आवाज.)

आता गुळव्याचं राज्य. गुळव्या म्हणजे या सगळ्या कामाचा डॉक्टर. रस आटत आला की बुडबुड्यांचा आकार बदलतो, आवाज जड होतो. तापमापक लावला तर पारा ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास दिसतो. आमच्याकडं तो होता. गुळव्यानं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. फावड्याला लागलेला पाक त्यानं गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळली, कढईच्या काठावर आपटली. टण्ण.

"उतरा!"

चौघं धावतात. अर्ध्या मिनिटाची चूक झाली तर एक तर गूळ मऊ राहतो, नाही तर करपतो. पाक आधीच, १०५ अंशांच्या पुढंमागं काढला असता, तर ती काकवी झाली असती. चुलवाणावरून ओढलेली काहील वाफ्यात, म्हणजे पाक गार करायच्या उथळ हौदात, रिकामी होते. वाफ्यातला पाक घोटून घोटून घट्ट होत जातो. आत ओलं फडकं अंथरलेल्या बादल्यांत तो भरला की काही वेळानं पालथा पडतो तो रवा. हजार लिटर रसाचा गूळ पावणेदोनशे ते दोनशे किलो, म्हणजे तीस किलोचे सहा रवे. एका आधणाला अडीच-तीन तास. दिवसाकाठी चार आधणं.

रंग? तपकिरी. थोडा काळपटच.

(बाइट: आबा)
"रंगाला काय चाटायचंय व्हय? ज्यानं खायाचं त्यानं जिभंवर ठिवून बघावं."

(वाफ्याभोवती शाळकरी पोरं. हातात चपात्या.)

गुऱ्हाळावर आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. वाटसरूला रस, पाव्हण्याला काकवी, पोरांना वाफ्याच्या कडेचा ऊन ऊन गूळ. आमच्या कॅमेरामननं तीन चपात्या खाल्ल्या. ते दृश्य कापलंय.

१८९५ साली शाहू महाराजांनी शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळाली. याच भोगावतीवर त्यांनी राधानगरी धरणाचं काम सुरू केलं. गुळाचे सौदे, म्हणजे लिलाव, आजही दिवाळी पाडव्याच्या मुहूर्तावर निघतात. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं.

(बाइट: आक्का, भाताच्या खाचरात)
"समदं त्या गुळाचंच काढताय. भांगलण कुणी केली, त्ये बी घ्या की त्यात."

घेतलं. आषाढात भाताची रोपलावण आणि त्यानंतर दोन भांगलणी. तणनाशक नसल्यानं तण हातानंच काढायचं. आक्का, त्यांची जाऊ आणि शेजारच्या चार बाया गुडघाभर चिखलात. आमचं पावसाळ्यातलं चित्रीकरण एकाच दिवसाचं, म्हणून हे इतकंच.

(रात्र. कडुनिंबाचं झाड. कंदील.)

हे मात्र पूर्ण मिळालं. मे अखेरीस वळवाचा पहिला पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभळीच्या पाल्यावर बसतात. त्यांच्या अंड्यांतून निघालेली अळी पुढं उसाची मुळं खाते. औषध मारायचं नाही, मग करायचं काय? संध्याकाळी साडेसात-आठला फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे वेचायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात बुडवायचे. हे बादलीभर भुंगेरे एका रात्रीचे, एका झाडाखालचे. एकट्यानं करून भागत नाही, सगळ्या शिवारानं मिळून करावं लागतं. यंदा वाडीतली सात घरं आली होती.

(मोबाइलमधला फोटो.)

२०१९ आणि २०२१ च्या पुरात नदीकडचा ऊस पाण्याखाली कुजला. आमच्याकडं त्याचं चित्रण नाही. हा फोटो आबांच्या मुलाच्या मोबाइलमधला. मुलगा शिरोली एमआयडीसीत पाळीवर असतो, त्याच्या पगारातून सोसायटीच्या कर्जाचा हप्ता जातो. गेल्या हंगामात सौद्यात आबांच्या रव्याला रंगावरून दर कमी लागला. त्यानंतर निम्मा गूळ त्यांनी किलोच्या ढेपा करून पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या घरांत पाठवला.

(दुपार. तिसरं आधण. गुळव्या चहा पितोय.)

चहा गुळाचाच आहे. गुळाबरोबर उकळलं तर दूध फाटतं, म्हणून आक्का भांडं खाली उतरवून मग दूध घालतात. आबा रव्याचा कोपरा फोडून आमच्या हातावर ठेवतात आणि आमच्या तोंडाकडं बघत राहतात.

(काहील धुतली जाते. गुळमट पाणी बादलीनं निळ्या पिंपाकडं. काठी फिरते.)

चौथ्या आधणाचा ऊस आलाय. जळव्यानं चिपाडाची पेंढी उचलली.