पन्हाळा ते पावनखिंड: भर पावसातला पहिला दिवस

पन्हाळ्याची राजदिंडी. सकाळचे सात. जुलै महिना, म्हणजे पाऊस लागेल का हा प्रश्नच नाही. १२ जुलै १६६०च्या रात्री सिद्दी जौहरचा वेढा चुकवून शिवाजी महाराज याच बाजूने विशाळगडाकडे निघाले. विशाळगडापर्यंतची चाल ६०-६५ किलोमीटर. आज पावनखिंडीसाठी दोन दिवस ठेवतात आणि पहिला मुक्काम बहुतेकांचा करपेवाडीत पडतो.

दहा मिनिटांत सगळे भिजतात. भिजायचं नाही हा हट्ट इथेच सोडावा. जपायचं ते एकच: रात्रीचे कपडे आणि झोपायचं सामान. सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबणाऱ्यांची संध्याकाळी फजिती होते. पाणी कव्हरमधून आत जात नाही, ते मानेवरून आणि पट्ट्यांवरून ओघळत पाठीकडून आत शिरतं आणि कव्हरच्या तळाशी साठतं. मुक्कामाला सॅक उचलली की तांब्याभर पाणी सांडतं, आणि स्लीपिंग बॅग नेमकी तळालाच असते. म्हणून आधी सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी, सामान तिच्यात, तोंडाला पीळ देऊन गाठ. रात्रीचा जोड त्याच्याही आत, वेगळ्या पिशवीत.

म्हाळुंगे मागे पडतं आणि वाट मसाई पठारावर चढते. जांभ्या दगडाचा लांबच लांब सडा, आडोशाला झाड नाही. धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही आणि गुरांच्या वाटा मात्र चहूकडे फुटलेल्या. मसाईदेवीचं देऊळ ही इथली मोठी खूण. ओल्या बोटांना मोबाईलची स्क्रीन दाद देत नाही, त्यामुळे गावांची नावं क्रमाने लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात, वरच्या खिशात हवा.

गारठ्याने माणूस खचतो तो याच पठारावर. थंडी फार नसते, पण ओल्या अंगावर वारा बसतो. जीन्स घातलेला गडी सगळ्यात आधी कुडकुडतो, कारण जाड सुती कापड पाणी धरून ठेवतं. बोलणं अडखळू लागलं, बोटांना बक्कल सुटेना, की थांबून पाहावं. आडोसा, कोरडा शर्ट, काहीतरी गोड. एरवी थांबा पाच मिनिटांचाच, खजूर आणि चिक्की कमरेच्या खिशात. जेवणासाठी सॅक उघडली की आतलंही भिजलंच.

खाली खाचरांत लावणी चाललेली. वाकलेल्या बायकांच्या पाठीवर इरलं किंवा प्लॅस्टिकची खोळ, खालून मोकळी, हवा खेळती. पोंचोचं, म्हणजे डोक्यावरून घालायच्या सैल रेनकोटाचं, तत्त्व तेच. बंद रेनकोटात चढावर माणूस घामानेच भिजतो. खाचरातून जाताना बांधावर एकामागोमाग चालू नये. भिजलेला बांध ढासळतो आणि शेतकऱ्याचं पाणी वाहून जातं.

मग ओढे. पाणी गढूळ, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहत असतील तर वर जोराचा पाऊस झालाय आणि पाणी चढतंय. गुडघ्याच्या वर पाणी आणि ओढ असेल, तर काठावर बसावं. लहान ओढा पाऊस ओसरल्यावर तासा-दोन तासांत उतरतो. उतरायचंच तर सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा आधी सोडायचा; पाय घसरला तर सॅक टाकून देता आली पाहिजे. तोंड पाणी येतं त्या बाजूला, काठी पुढे, एका वेळी एकच पाय उचलायचा. बूट काढायचे नाहीत. शेवाळलेल्या धोंड्यांवर अनवाणी पाय हमखास घसरतो.

वॉटरप्रूफ बूट या वाटेवर गैरसोयीचेच. पाणी वरून आत शिरतं आणि बाहेर पडत नाही. जाळीचे, खाचदार तळव्याचे बूट चार पावलांत निथळतात.

करपेवाडीत पडवीत पोचल्यावर पहिलं काम पायांचं. दिवसभर भिजलेली कातडी पांढरी, सुरकुतलेली असते, ती घासून पुसली तर सोलते. टिपून कोरडी करायची, बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलीन, वर कोरडे मोजे. हे मोजे फक्त झोपण्यासाठी. ओले मोजे पिळून वळचणीला टांगले तरी या हवेत वाळत नाहीत.

पहाटे कोरडा जोड पुन्हा पिशवीत जातो, गाठ बसते, आणि कालचे गार, ओले मोजे पायात चढतात.